बनावट व काल्पनिक नाणी (भारतीय)

संग्राहकाच्या हाती येणारी खोटी नाणी दोन जातींची असतात. बनावट नाणे ही टांकसाळीतून खरोखर निघालेल्या एखाद्या नाण्याची नक्कल असते. काल्पनिक नाण्याला मात्र मूळच नसते. कोणत्याही सत्तेने कधी पाडले नाही असे नाणे कोणीतरी मनाने रचलेले असते. बनावट नाणे अस्सलाशेजारी ठेवून तपासता येते, परंतु काल्पनिक नाण्याशेजारी ठेवायला काहीच नसल्यामुळे तेथे भिंगाआधी इतिहास लागतो. त्या सत्तेने त्या साली, त्या मूल्याचे नाणे त्या धातूत पाडले होते का, हा एकच प्रश्न नीट विचारला तरी बहुतेक काल्पनिक नाणी तेथेच बाद होतात.

याचे सर्वांत परिचित उदाहरण म्हणजे ‘ईस्ट इंडिया कंपनी’ असे इंग्रजीत कोरलेली आणि राम दरबार, द्रोणागिरी उचललेला हनुमान, लक्ष्मी किंवा गणपती यांच्या आकृती असलेली तांब्या-पितळेची नाणी. त्यांच्यावर १६१६, १७१७, १८१८ अशी लक्षात राहणारी साले आणि ‘हाफ आना’ किंवा ‘वन आना’ असे मूल्य असते. काहींवर मूल्याआधी ‘यूकेएल’ ही निरर्थक अक्षरेही आढळतात. महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत अशी नाणी देव्हाऱ्यात पूजेला ठेवलेली आहेत आणि भक्तिभावाने जपलेली वस्तू म्हणून त्यांचा मान राखलाच पाहिजे, पण ती कंपनीची नाणी नव्हेत. १६१६ साली कंपनीजवळ सुरतेसारख्या बंदरांतल्या वखारींपलीकडे फारसे काही नव्हते. मद्रासची वसाहत १६३९ ची, आणि मुंबई बेट कंपनीला मिळाले ते १६६८ मध्ये. १८१८ साली कंपनी नाणी पाडत होती हे खरे, परंतु तिचा रुपया तेव्हाही मोगल बादशहाच्या नावाने आणि फारसी अक्षरांत निघत असे. सर्व इलाख्यांसाठी एकसारखे चलन १८३५ मध्ये आले. त्यात तांब्याचा अर्धा आणा होता, पण एक आण्याचे तांब्याचे नाणे नव्हते. एक आण्याचे नाणे सर्वसाधारण चलनात आले ते सातव्या एडवर्डच्या काळात, १९०७ साली, आणि तेही लहरदार कडेचे, तांबे-निकेल मिश्रधातूचे. तेव्हा १८१८ सालचा तांब्याचा एक आणा असूच शकत नाही.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. ‘परकीय कंपनी नाण्यावर देव कसा कोरील?’ असा युक्तिवाद पुष्कळदा केला जातो, पण तो चुकीचा आहे. मद्रास इलाख्यात कंपनीने पाडलेल्या सोन्याच्या होनांवर (होन हे दक्षिणेतले जुने नाणे) विष्णूची आकृती होती, आणि तेथील एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच्या चांदीच्या अर्ध्या व पाव होनांवर देवळाचे गोपुर आणि विष्णू दोन्ही आढळतात. दक्षिणेतल्या व्यापाऱ्यांचा ज्या नाण्यावर विश्वास होता त्याच रूपाचे नाणे पाडण्यात कंपनीचा फायदा होता. त्यामुळे नाणे बाद करताना देवाच्या आकृतीवर बोट न ठेवता साल, मूल्य, धातू आणि लिपी यांच्या न जुळणाऱ्या मेळावर ठेवावे. राम दरबार असलेल्या रामटंक्यांचीही वेगळी नोंद घ्यावी लागते. त्यांतले जुने नग देवस्थानांच्या परिसरात पूजेसाठी व प्रसादचिन्ह म्हणून घडवले गेले आणि त्यांनी चलन असल्याचा दावा कधी केलाच नाही.

काल्पनिक नाण्यांचा सर्वांत दुष्ट उपयोग ‘राइस पुलर’ म्हणजे तांदूळ ओढणारे नाणे या फसवणुकीत होतो. वीज पडल्यामुळे नाण्यात दिव्य शक्ती किंवा दुर्मीळ धातू उतरला असून अंतराळ संस्था ते कोट्यवधींना विकत घेतात, असे सांगून तपासणीच्या खर्चापोटी आगाऊ पैसे उकळले जातात. तांबे तांदळाचा दाणा ओढत नाही. दाण्यांना लोहचूर्ण लावलेले असते आणि नाण्यात किंवा त्याच्याजवळ चुंबक दडवलेले असते. जुन्या नाण्यांना लाखोंचा भाव देण्याच्या जाहिरातींत रिझर्व्ह बँकेचे नाव व बोधचिन्ह वापरले जाऊ लागल्यामुळे बँकेला ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर इशारा द्यावा लागला. बँक असे व्यवहार करत नाही आणि त्यावर शुल्कही घेत नाही, असे तिने त्यात स्पष्ट केले.

बनावट नाण्यांकडे वळले की हात, कान आणि तराजू कामाला लागतात. चांदीचा रुपया दगडावर वाजवून खणखणीत की बद्द हे पाहण्याची पोतदारांची, म्हणजे नाणी पारखणाऱ्यांची, रीत आजही निरुपयोगी झालेली नाही. मात्र जुन्या नाण्याला आतून चीर असली तर अस्सलही बद्द वाजते. त्याहून भरवशाचे आहे ते वजन. १८३५ नंतरचा प्रमाण रुपया ११.६६ ग्रॅमचा असून त्यात बारा भागांत अकरा भाग चांदी होती. असा रुपया दोऱ्याने पाण्यात लोंबता ठेवून तोलला तर त्याचे वजन सुमारे १.१३ ग्रॅमने घटते. तेवढ्याच वजनाचा तांबे-निकेलचा रुपया सुमारे १.३ ग्रॅम घट दाखवतो. दोन दशांश स्थळे दाखवणाऱ्या छोट्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ही चाचणी घरी होते आणि नाण्यावर ओरखडाही उठत नाही, म्हणून आम्लाच्या कसापेक्षा ती केव्हाही श्रेयस्कर. चुंबकाची चाचणी चांदी-तांब्याला चालते, परंतु १९४७ चा वाघाचे चित्र असलेला रुपया शुद्ध निकेलचा असल्यामुळे चुंबकाला चिकटतो आणि तरीही अस्सल असतो.

ओतीव नक्कल ओळखण्यासाठी कड पाहावी. साच्याच्या दोन अर्धांचा सांधा घासून काढल्याची रेघ, पृष्ठभागावरची बारीक छिद्रे आणि अक्षरांच्या मुळाशी आलेला साबणासारखा गुळगुळीतपणा ही तिची लक्षणे आहेत. ठशाने ठोकलेली नक्कल अधिक फसवी असते; दोन वेगळ्या नगांवर अगदी त्याच जागी तोच ओरखडा दिसला, तर दोन्ही एकाच नमुन्यावरून निघाले असे समजावे. लेखातील विसंगतीही बोलकी असते. व्हिक्टोरियाच्या रुपयांवर १८७६ पर्यंत ‘क्वीन’ आणि १८७७ पासून ‘एम्प्रेस’ असल्यामुळे १८८५ सालचा ‘क्वीन’ रुपया पाहताच बाजूला ठेवता येतो. सहाव्या जॉर्जचा १९३९ चा रुपया अतिशय दुर्मीळ असल्याने १९३८ च्या रुपयाचा शेवटचा आकडा कोरून किंवा बदलून तो तयार केला जातो. तेथे धातू, वजन, कड सारे बरोबर येते आणि केवळ त्या एका आकड्याभोवतीचा खरवडलेला पृष्ठभाग भिंगाखाली खरे काय ते सांगतो. १९४० मध्ये चांदीचे प्रमाण निम्म्यावर आणताना रुपयाला नक्कल रोखणारी विशेष कड देण्यात आली, म्हणून तशी कड असलेला १९३९ चा रुपया संशयास्पदच होय. मुंबई व कोलकाता टांकसाळींनी संग्राहकांसाठी जुन्या धर्तीचे नग नंतरच्या काळात पुन्हा पाडले. ते बनावट नव्हेत, पण मूळ काळातल्या नाण्याच्या भावाने विकले गेले तर खरेदीदार फसतोच.

मराठेशाहीच्या नाण्यांना मात्र यंत्रयुगाचे हे नियम जसेच्या तसे लावता येत नाहीत, आणि नवखा संग्राहक नेमका येथेच चुकतो. शिवराई, म्हणजे शिवछत्रपतींच्या नावाचे तांब्याचे नाणे, हाताने ठोकलेली असे. तांब्याची चकती ठशापेक्षा लहान असल्याने ‘श्री राजा शिव’ आणि ‘छत्रपति’ ही अक्षरे पुष्कळदा अर्धवट उमटत, ‘सिव’ किंवा ‘छत्रपती’ अशी लेखनभिन्नता सर्रास आढळते, आणि शिवराई दीर्घकाळ अनेक ठिकाणी पाडली गेल्यामुळे वजनातही तफावत असते. म्हणजे अशुद्ध लेखन हा येथे खोटेपणाचा पुरावा नाही. उलट मधोमध, काठापर्यंत संपूर्ण आणि दोन्ही बाजूंनी सारखाच ठसठशीत ठसा दिसला तर थांबून पाहावे. जमिनीत राहिलेल्या तांब्यावरची हिरवी-तपकिरी पुटे धातूशी एकजीव झालेली असतात. रसायनाने चढवलेला हिरवेपणा ओल्या कापसाने सुटू लागतो. शिवछत्रपतींच्या कोणत्याही समकालीन नाण्यावर त्यांची छबी नाही. ती भारत सरकारच्या १९९९ च्या दोन रुपयांच्या नाण्यावर आहे. सतराव्या शतकातील म्हणून दाखवले जाणारे छबीचे नाणे काल्पनिक होय. १६७४ च्या राज्याभिषेकाशी जोडल्या जाणाऱ्या सोन्याच्या होनाचे अस्सल नग इतके थोडे आहेत, आणि सराफांकडे त्याच्या सोन्याच्या प्रतिकृती इतक्या सहज मिळतात, की पावणेतीन ग्रॅमच्या आसपासचे वजन आणि सोन्याचा कस जुळला तरी त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. अशा होनासाठी ज्ञात नगांच्या ठशाशी अक्षरागणिक तुलना आणि तो कोणाकडून, कोठून आला याची लेखी परंपरा, ही दोन्ही मागावी लागतात.