जॅक्सन हाइट्सचा वन बेडरूम को-ऑप: जाहिरातीमागचा इतिहास

न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातल्या जॅक्सन हाइट्समध्ये लहान घर विकायला निघालं की जाहिरातीत साधारण हेच शब्द दिसतात: वन बेडरूम को-ऑप, सहा मजली लिफ्टची इमारत, आत बाग, २० टक्के डाउन पेमेंट, बोर्डाची मंजुरी आवश्यक. मुंबई-पुण्याच्या वाचकाला 'को-ऑप' ओळखीचा वाटतो आणि तिथेच गल्लत होते. आपल्याकडे सोसायटीचे पाच-दहा शेअर प्रत्येकी पन्नास रुपयांचे. खरा व्यवहार फ्लॅटच्या नोंदणीकृत कराराचा. न्यूयॉर्कमध्ये शेअर हाच व्यवहार. जमीन, इमारत, बाग सगळं एका कंपनीच्या नावावर असतं. तुम्ही तिचे शेअर घेता आणि त्यांपोटी तुम्हाला फ्लॅटचा दीर्घ मुदतीचा भाडेपट्टा मिळतो. तुमच्या नावाचा इंडेक्स टू निघतच नाही. जाहिरातीतलं 'बोर्ड' म्हणजे याच कंपनीचं संचालक मंडळ. शेअर कोणाला घेऊ द्यायचे ते तेच ठरवतं.

या रचनेचा एक हेतू पहिल्यापासून स्पष्ट होता: शेजारी निवडणं. १८८०च्या दशकात मॅनहॅटनमध्ये फिलिप ह्यूबर्ट या वास्तुविशारदाने सधन मंडळींसाठी 'होम क्लब' उभे केले. पुढे हॉटेल म्हणून गाजलेली चेल्सी ही १८८४ची इमारत मुळात असाच एक को-ऑप होती. दुसरं, अगदी वेगळं मूळ कामगारांचं. ब्रुकलिनच्या सनसेट पार्कमध्ये फिनिश कुटुंबांनी १९१६ साली 'आल्कू' नावाची ना-नफा इमारत बांधली. त्याच सुमारास, १९१५ मध्ये, मुंबईत गावदेवीला सारस्वत मंडळींची गृहनिर्माण सोसायटी नोंदली गेली. आपल्या माणसांत राहायचं, ही ओढ तिथेही होतीच.

जॅक्सन हाइट्स घडलं ते मात्र पहिल्या, सधन वळणाने. १९०९ साली क्वीन्सबरो पूल खुला झाला आणि एडवर्ड मॅकडूगल यांच्या क्वीन्सबरो कॉर्पोरेशनने इथली सुमारे ३२५ एकर शेतजमीन जमवायला सुरुवात केली. १९१७ मध्ये रुझवेल्ट अव्हेन्यूवरून उन्नत रेल्वे आली. आजची ७ नंबरची गाडी तीच. मग अँड्र्यू थॉमस यांच्या आराखड्याने शातो (१९२२) आणि टॉवर्स (१९२४) हे गट उभे राहिले. इमारती चारी कडांना, मधोमध लांबलचक बाग आणि बांधकाम अर्ध्याहून कमी जमिनीवर. रस्त्यावरून चालणाऱ्याला ही बाग दिसतही नाही. घरं पाच ते सात खोल्यांची होती, दिमतीला गोल्फ आणि टेनिस. आणि अट एकच: ज्यू आणि कृष्णवर्णीय चालणार नाहीत.

ही अट टिकली कशी, हे समजून घेण्यासारखं आहे. १९४८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की खरेदीखतातल्या वंशभेदी अटींची अंमलबजावणी न्यायालयं करणार नाहीत. को-ऑपला मात्र अशी अट कागदावर लिहायची गरजच नव्हती. शेअर हस्तांतराला बोर्डाची मंजुरी लागते, एवढं कलम पुरेसं होतं. न्यूयॉर्क शहराने १९५७ मध्ये खासगी घरांतल्या भेदभावाला कायद्याने बंदी केली. दोनच वर्षांनी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने पार्क अव्हेन्यूच्या एका खटल्यात सांगितलं की भेदभाव नसेल, तर लिफ्ट आणि सामाईक जागा कोणाबरोबर वापरायच्या हे को-ऑपच्या मालकांनीच ठरवावं. आजही बोर्ड नकाराचं कारण सहसा देत नाही, त्याची पाळंमुळं या निकालात आहेत.

वस्ती बदलली ती १९६५च्या इमिग्रेशन कायद्यानंतर. कोलंबियाची कुटुंबं, भारतातले इंजिनियर आणि डॉक्टर, मागून बांगलादेशी, नेपाळी, तिबेटी. ७४व्या रस्त्यावर साड्यांची, सोन्याची, किराणा मालाची दुकानं लागली. पण ही मंडळी आधी भाड्याने आली. को-ऑपची दारं त्यांना नंतर उघडली, आणि तीही बरीचशी पैशाच्या गणितामुळे. महामंदीत मोठे फ्लॅट खपेनात तेव्हा काही तोडून लहान केले गेले होते. तीसच्या दशकापासून पन्नासच्या दशकापर्यंत नव्या इमारतींत लहान घरं भाड्यासाठीच बांधली गेली. आजचे बहुतेक वन बेडरूम याच काळातले. त्यातला 'ज्युनिअर फोर' नीट बघावा: स्वयंपाकघराला लागून जेवणाचा कोनाडा असतो आणि त्याला भिंत घालून दुसरी बेडरूम केली जाते. त्या कोनाड्याला स्वतःची खिडकी नसेल, तर ती खोली कायद्याने बेडरूम ठरत नाही.

सत्तर-ऐंशीच्या दशकांत महागाई आणि भाडेनियंत्रणाच्या कात्रीत सापडलेल्या घरमालकांनी या इमारती को-ऑप करून टाकल्या. १९८२च्या कायद्यानुसार भाडेकरूंना न हटवता रूपांतर करायचं, तर १५ टक्के फ्लॅट विकले गेले की पुरे होतं. उरलेले फ्लॅट मूळ मालकाकडे, म्हणजे 'स्पॉन्सर'कडे राहिले. २०१९ मध्ये हीच अट ५१ टक्के भाडेकरूंच्या खरेदीवर गेली आणि नवी रूपांतरं जवळजवळ थांबली.

रूपांतराच्या वेळी इमारतीवर घेतलेलं कर्ज, म्हणजे 'अंडरलाइंग मॉर्गेज', अनेक ठिकाणी नवं-जुनं करत आजही चालू आहे. जाहिरातीतली किंमत कमी दिसते, त्याचं एक कारण हे. समजा कंपनीचे एकूण ४०,००० शेअर आहेत, तुमच्या फ्लॅटचे ४०० आणि इमारतीवर ४० लाख डॉलरचं कर्ज आहे. शेअरमागे १०० डॉलर, म्हणजे तुमच्या वाट्याला ४०,००० डॉलर येतात. ते तुमच्या बँकेच्या कागदात कुठेच नसतात. त्यांचं व्याज मेंटेनन्समधून जातं. त्याच मेंटेनन्समध्ये मालमत्ता कर, बॉयलरचं इंधन आणि पाणी असतं. वीज बहुधा वेगळी. म्हणून ताळेबंद मागताना तीन गोष्टी विचाराव्यात: कर्जाची रक्कम, व्याजदर आणि मुदत संपण्याचं वर्ष. दर चढलेला असताना मुदत संपली की मेंटेनन्स वाढतो.

फ्लॅट भाड्याने देण्यावर बंधन असतं, त्यामागे शिष्टपणा असेलही. करकायद्याची एक अट वेगळी होती. व्याजाची आणि मालमत्ता कराची सवलत भागधारकांना मिळायची तर कंपनीचं किमान ८० टक्के उत्पन्न भागधारकांकडून यावं लागे. २००७ मध्ये याला पर्याय दिले गेले. 'फ्लिप टॅक्स' हा मात्र कर नव्हेच. तो कंपनीने विक्रीवर लावलेला आकार असतो: कुठे किमतीचा टक्का, कुठे शेअरमागे ठरावीक रक्कम.

आता बोर्ड. अर्जात दोन वर्षांची कर-विवरणं, बँकेची खाती, नोकरीच्या ठिकाणचं पत्र आणि ओळखीच्यांची शिफारसपत्रं लागतात. मासिक हप्ता आणि मेंटेनन्स मिळून उत्पन्नाच्या २८-३० टक्क्यांत बसावं, आणि खरेदी झाल्यावरही वर्ष-दोन वर्षांचा खर्च हाताशी उरावा, अशी सर्वसाधारण अपेक्षा असते. भारतातली जमीन किंवा भिशीतले पैसे इथे धरले जात नाहीत. नवख्यांचे अर्ज बहुतेक वेळा अडतात ते इथेच. दुसरा अनपेक्षित नकार किमतीचा असतो: सौदा फार स्वस्तात झाला तर इतरांच्या शेअरचा भाव पडेल, या धास्तीने बोर्ड अर्ज परत करतं. महाराष्ट्रात सोसायटीने तीन महिन्यांत निर्णय कळवला नाही तर अर्जदार सभासद झाल्याचं मानलं जातं. न्यूयॉर्कमध्ये बोर्ड गप्प बसलं की तेवढ्या काळात बँकेच्या व्याजदराची हमी संपते, आणि ती वाढवून घेण्याचा खर्च खरेदीदाराला पडतो. स्पॉन्सरकडे उरलेला फ्लॅट थेट त्याच्याकडून घेतला, तर मात्र सहसा ना मुलाखत लागते ना बोर्डाची मंजुरी. म्हणूनच जुना पंखा आणि उखडलेलं लिनोलियम असलेल्या अशा घराची किंमतही कधी कधी चढी निघते.