मेल सहज हलतो, कॅलेंडर का अडते? सिंक सेवा बदलण्यामागचा इतिहास

मागच्या दिवाळीनंतर आम्ही घरातल्या सगळ्यांचे मेल आणि कॅलेंडर एका कंपनीच्या सेवेतून दुसरीकडे हलवले. बारा वर्षांचे मेल दोन रात्रींत फोल्डरसकट येऊन बसले. कॅलेंडरने मात्र चार दिवस घेतले, आणि त्यानंतरही आईचा 14 तारखेचा वाढदिवस 13 ला दिसत होता, तोही दोनदा. न्यू जर्सीत राहणाऱ्या बहिणीने लावलेला दर रविवारचा व्हिडिओ कॉल मार्चपर्यंत सुरळीत चालला. मग तिकडे घड्याळे एक तास पुढे गेली आणि ती आपल्या संध्याकाळी साडेसातला वाट बघत बसली. आमच्या फोनवर कॉलची वेळ अजून साडेआठच होती.

एकाच कंपनीकडून एकाच दिवशी निघालेल्या दोन गोष्टींची ही दोन वेगळी नशिबे. यामागे पन्नासहून अधिक वर्षांचा इतिहास आहे.

मेलची भाषा फार लवकर ठरली. रे टॉमलिन्सन यांनी 1971 मध्ये दोन संगणकांमध्ये पहिला मेल पाठवला आणि पत्त्यात @ हे चिन्ह आणले. पाठवण्याची रीत, म्हणजे एसएमटीपी, 1982 मध्ये लिहून निघाली. मेल सर्व्हरवरच ठेवून कुठूनही वाचता यावा यासाठी मार्क क्रिस्पिन यांनी 1986 मध्ये स्टॅनफर्डला आयमॅप रचले. या रीती कोणा एका कंपनीच्या मालकीच्या नव्हत्या. 15 ऑगस्ट 1995 रोजी व्हीएसएनएल या तेव्हाच्या सरकारी दूरसंचार कंपनीने आपल्याकडे सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले, तेव्हा हा पाया तयारच होता. पुढे हॉटमेल, रेडिफमेल, याहू, जीमेल असा प्रवास आपल्यापैकी कितीतरी जणांनी केला. पत्ता बदलल्याचा त्रास झाला, पण मेल वाचता येईना असे सहसा झाले नाही.

शिवाय मेल हे पत्र आहे. एकदा पोहोचले की त्यात बदल होत नाही. कॅलेंडरमधली नोंद रोज बदलू शकते: कोणी वेळ पुढे ढकलतो, कोणी येणार नाही म्हणून कळवतो, कोणी मालिकेतला एकच मंगळवार वगळतो. हे सगळे फोनवर, लॅपटॉपवर आणि समोरच्या माणसाकडेही तसेच्या तसे दिसायला हवे. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर हा प्रश्नच येत नाही. भिंतीवर एकच प्रत असते आणि दर जानेवारीत वाढदिवस नव्या प्रतीवर हाताने उतरवले जातात.

संगणकावरचे कॅलेंडर वाढले ते कार्यालयांच्या आत. लोटस नोट्स आणि मायक्रोसॉफ्ट एक्स्चेंज या कार्यालयीन यंत्रणा; एकीचे वेगळे, दुसरीचे वेगळे. एकाच कंपनीतली माणसे एकमेकांना बैठकीला बोलावत होती, त्यामुळे बाहेरच्यांशी जुळवून घेण्याची निकड कोणाला वाटली नाही. 1998 मध्ये आयकॅलेंडर हा समाईक नमुना प्रसिद्ध झाला. त्याच्या दोन संपादकांपैकी एक लोटसचे आणि दुसरे मायक्रोसॉफ्टचे होते. एकमेकांच्या गिऱ्हाइकांवर टपलेल्या दोन कंपन्यांची माणसे या एका कागदावर एकत्र आली, याचे मला आजही मोल वाटते.

तो नमुना उघडून पाहावा असा आहे. डॉट आयसीएस फाइल साध्या एडिटरमध्ये उघडली की नोंद अक्षरशः वाचता येते. एका ओळीत सुरुवात, एकीत शेवट, एकीत ‘दर रविवारी’सारखा पुनरावृत्तीचा नियम, आणि एका ओळीत यूआयडी, म्हणजे त्या नोंदीचा जन्मभराचा ओळख क्रमांक. आमच्या घरचे तिन्ही घोटाळे याच ओळींत सापडले. जुन्या सेवेने निर्यात करताना यूआयडी नवे दिले होते, म्हणून फोनमध्ये आधीपासून असलेला वाढदिवस आणि नव्याने आलेला वाढदिवस सॉफ्टवेअरला दोन वेगळ्या नोंदी वाटल्या. ‘पूर्ण दिवस’ या नोंदीची नुसती तारीख लिहायची असते. तिथे मध्यरात्रीची वेळ लिहिली गेली, तीही जागतिक प्रमाणवेळेत. आपली मध्यरात्र त्या घड्याळात आदल्या दिवशी सायंकाळी 6:30 ला येते, म्हणून 14 चे 13 झाले. रविवारच्या कॉलमधून न्यूयॉर्कच्या कालविभागाचे नावच गळाले होते, त्यामुळे तिकडचा उन्हाळी तास त्याला कळलाच नाही.

आयकॅलेंडरने नोंद लिहायची कशी ते ठरवले. ती दोन ठिकाणी सतत जुळती ठेवायची कशी, हे मात्र उघडेच राहिले. त्यासाठीची कॅलडॅव्ह ही खुली रीत 2007 च्या मार्चमध्ये आली. मधली नऊ वर्षे माझ्या मते या सगळ्या इतिहासातली सर्वांत महागडी ठरली, कारण त्याच काळात मोबाइल खिशात आला. ब्लॅकबेरीने स्वतःची यंत्रणा उभी केली. नोकियावाले संगणकावर पीसी सुट हे सॉफ्टवेअर टाकून, केबल जोडून फोन नंबर आणि तारखा उतरवत होते. आणि मायक्रोसॉफ्टच्या एक्स्चेंज ॲक्टिव्हसिंकने मेल, कॅलेंडर आणि संपर्क तिन्ही एका खात्यातून, आले की लगेच, फोनवर ढकलायला सुरुवात केली. ते उत्तम चालत होते, फक्त त्यासाठी मायक्रोसॉफ्टचा परवाना लागत असे. 2008 मध्ये ॲपलने तो आयफोनसाठी घेतला. 2009 च्या फेब्रुवारीत गूगलनेही तो घेऊन ‘गूगल सिंक’ सुरू केले.

म्हणजे जीमेल वापरणारा आयफोनधारक आपले कॅलेंडर मायक्रोसॉफ्टच्या भाषेतून जुळवत होता. फोनच्या सेटिंगमध्ये गूगलचे खाते ‘एक्स्चेंज’ या नावाखाली भरायचे, हे त्या काळात अनेकांनी केले असेल.

14 डिसेंबर 2012 रोजी गूगलने जाहीर केले की 30 जानेवारी 2013 पासून मोफत खातेदारांना गूगल सिंकवर नवे उपकरण जोडता येणार नाही. आधीची जोडणी चालू राहील, पैसे भरणाऱ्या संस्थांनाही अडचण नाही. बाकीच्यांनी आयमॅप, कॅलडॅव्ह आणि संपर्कांसाठी कार्डडॅव्ह वापरावे. कागदावर हे खुल्या रीतींकडे जाणे होते आणि ते मला योग्यच वाटते. पण आयफोनच्या मेल ॲपला जीमेल ताबडतोब मिळण्याची सोय ॲक्टिव्हसिंकमुळेच होती; ती गेल्यावर ठरावीक मिनिटांनी मेल तपासणे उरले. विंडोज फोनवर तर कॅलडॅव्ह नव्हतेच. मायक्रोसॉफ्टने आपल्या फोनसाठी 31 जुलै 2013 पर्यंत मुदतवाढ मिळवली आणि तोवर फोनमध्ये कॅलडॅव्ह, कार्डडॅव्ह बसवले. दुसरीकडे लोकांना आउटलुक डॉट कॉम या आपल्या मेल सेवेवर या म्हणून बोलावले. त्या आउटलुकला तेव्हा आयमॅप नव्हते. ते सप्टेंबर 2013 मध्ये आले.

इतक्यावर हे थांबले नाही. 13 मार्च 2013 रोजी गूगलने सांगितले की सप्टेंबरपासून कॅलडॅव्हही निवडक कंपन्यांनाच देऊ. तीन महिन्यांपूर्वी ज्या वाटेने जा म्हणून सांगितले, त्याच वाटेवर फाटक लावायचे घोषित झाले. स्वतंत्रपणे ॲप लिहिणाऱ्यांनी विरोध केला आणि जूनमध्ये निर्णय मागे घेतला गेला. तो मागे घेतला गेला नसता तर आज एखादे छोटे कॅलेंडर ॲप गूगलच्या खात्याला सहज जोडता येते, ते आले नसते. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये जीमेल आणि कॅलेंडर दोन्ही गूगलच्या ‘टेकआउट’मधून एकगठ्ठा उतरवून घेण्याची सोयही झाली.

अलीकडची मोठी हलवाहलव आपल्या सरकारची. केंद्र सरकारच्या सुमारे 12 लाख कर्मचाऱ्यांची मेल खाती सरकारच्याच एनआयसी या माहिती-तंत्रज्ञान संस्थेच्या यंत्रणेवरून झोहो या भारतीय कंपनीकडे गेल्याचे 2025 मध्ये जाहीर झाले. पत्ते मात्र सरकारी डोमेनवरचे, म्हणजे @ नंतर सरकारचेच नाव असलेले, होते तसेच राहिले. डोमेन स्वतःचे असेल तर मागची कंपनी बदलली तरी बाहेरच्या माणसाला नवा पत्ता कळवावा लागत नाही. घरच्या मेलसाठीही वर्षाला थोडे पैसे भरून हे करता येते, आणि आम्ही या वेळी तेच आधी केले.

कायद्याची बाजू आपल्याकडे अजून कच्ची आहे. युरोपात 25 मे 2018 पासून माणसाला आपला डेटा यंत्राला वाचता येईल अशा रूपात मागून दुसरीकडे नेण्याचा हक्क आहे. भारताच्या 2019 च्या विधेयकात तसे कलम होते. 2023 मध्ये संमत झालेल्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात ते उरले नाही. त्यामुळे आईच्या वाढदिवसाचा यूआयडी जपायचा की नवा द्यायचा, हे आपल्याकडे आजही त्या त्या कंपनीच्या मर्जीवर आहे.