साठची बाईक थांबते, तिथे ऐंशीची काय करते?

नवी मुंबईचा पाम बीच रस्ता रात्री मोकळा होतो. एका बाजूला खारफुटी, समोर सरळ रुंद पट्टा. इथे काटा ६० वरून ८० वर कधी गेला हे बाईकवाल्याला कळतच नाही. वेग आपल्याला कळतो तो कडेने मागे पळणाऱ्या गोष्टींवरून. गल्लीत भिंती अंगावर येतात, म्हणून ४० सुद्धा जोरात वाटतात. रुंद रस्त्याला कडाच लांब, तिथे ८० देखील संथ वाटतात.

आता समजा, ४० मीटरवर कोणी आडवं आलं. ६० च्या वेगात दिसल्यापासून ब्रेक लागेपर्यंत एक सेकंद गेला, तर त्यात १७ मीटर संपतात. रस्ता कोरडा आणि ब्रेक चांगला असेल तर उरलेल्या २३ मीटरमध्ये बाईक थांबते, जेमतेम. ८० च्या बाईकचे त्याच एका सेकंदात २२ मीटर जातात. मग तितक्याच जोराने ब्रेक दाबूनही ती त्या माणसापाशी पोहोचते तेव्हा तिचा वेग असतो जवळजवळ ६०! हे उत्तर आलं तेव्हा मी आकडेमोड पुन्हा करून पाहिली. चूक नव्हती. ब्रेकला संपवायची असते ती ऊर्जा, आणि ती वेगाच्या वर्गाने वाढते. ६० ची धडक म्हणजे १४ मीटरवरून, चौथ्या-पाचव्या मजल्यावरून, पडल्यासारखी.

२०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यातली ४४.५ टक्के दुचाकीवरची होती.

डिव्हायडरच्या कटमधून वळणारा कारवाला नंतर सांगतो, ‘बाईक लांब होती हो.’ तो खोटं बोलतोच असं नाही. समोरून येणारी वस्तू डोळ्यात किती झपाट्याने मोठी होते, त्यावरून मेंदू तिचा वेग ताडतो. बाईक अरुंद, रात्री तर नुसता एक दिवा. तो शेवटच्या क्षणापर्यंत ठिपकाच राहतो आणि मग एकदम अंगावर येतो. कारवाल्याने वळायला पुरेल असा अंदाज केलेला असतो तो नेहमीच्या वेगाचा. ८० ची बाईक तो अंदाज मोडून टाकते.

कटच्या आधी रस्त्यावर जाड, आडव्या पट्ट्या मारतात त्या यासाठीच. चाकाखाली खडखड झाली की हरवलेली वेगाची जाणीव परत येते, हात आपोआप ब्रेककडे जातो. आमच्या घराजवळच्या कटपाशी त्या झिजून डांबराच्या रंगाच्या झाल्या आहेत. त्या पुन्हा मारायला हव्यात, पावसाळ्याआधी.