अंमलबजावणीशास्त्र : मानसिक आरोग्यसेवा आणि सोलापूर जिल्हा

संशोधनात गुणकारी ठरलेला उपचार दवाखान्यात, वस्तीत आणि घरात प्रत्यक्ष कसा पोहोचतो, कुठे अडतो आणि पोहोचल्यावर टिकतो का, याचा पद्धतशीर अभ्यास म्हणजे अंमलबजावणीशास्त्र. औषध लागू पडते का, हा वैद्यकाचा जुना प्रश्न. लागू पडते हे ठाऊक असूनही ते रुग्णाच्या हाती का पडत नाही, हा या शास्त्राचा प्रश्न. मानसिक आरोग्याच्या बाबतीत तो फार बोचतो. नैराश्य, चिंता, दारूचे व्यसन यांवर उपयोगी पडणारे उपचार आहेत आणि त्यांतले बरेचसे महागही नाहीत. तरीही बंगळुरूच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात, सामान्य मानसिक विकार असलेल्या शंभरांपैकी सुमारे ८५ जण उपचारांविनाच असल्याचे आढळले.

या शास्त्राचे एक मूळ शेतीत आहे. अमेरिकेतल्या शेतकऱ्यांनी मक्याचे संकरित बियाणे कसे स्वीकारले, या अभ्यासातून पुढे समाजशास्त्रज्ञ एव्हरेट रॉजर्स यांनी १९६२ मध्ये नवकल्पनांच्या प्रसाराचा सिद्धान्त मांडला. सांगोला-मंगळवेढ्याच्या डाळिंब उत्पादकाला तो वेगळा शिकवावा लागत नाही. पत्रक वाचून कोणी बाग लावत नाही. बांधापलीकडची बाग दोन हंगाम डोळ्यांनी पाहिली, पाण्याचा आणि फवारणीचा हिशेब शेजाऱ्याच्या तोंडून ऐकला, की मग खड्डे घेतले जातात. वैद्यकातही तसेच घडते, फक्त वेळ जास्त लागतो. संशोधनाचा जेमतेम सातवा हिस्सा रुग्णापर्यंत पोहोचतो आणि त्यालाही सरासरी सतरा वर्षे लागतात, असा अंदाज अमेरिकी अभ्यासकांनी २००० साली मांडला होता. तो आजही वारंवार दिला जातो.

उपचाराचे यश आणि अंमलबजावणीचे यश या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या विषयातले मर्म. अमेरिकी अभ्यासक एनोला प्रॉक्टर आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये अंमलबजावणी मोजण्याचे आठ निकष सांगितले. सेवा लोकांना पटते का, ती सुरू होते का, त्या ठिकाणाला साजेशी आहे का, जमण्यासारखी आहे का, मूळ पद्धतीशी इमान राखून दिली जाते का, खर्च किती, किती खोलवर झिरपते आणि टिकते का. रुग्ण बरा झाला नाही, तर उपचार चुकला की उपचार त्याच्यापर्यंत धड गेलाच नाही, हे या निकषांमुळे वेगळे काढता येते.

भारतात हे नाव रूढ होण्याच्या आधीपासून काम चालू होते. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ चा. त्यानंतर निम्हान्सने कर्नाटकातल्या बल्लारी जिल्ह्यात, प्राथमिक आरोग्य केंद्रांतल्या डॉक्टरांना आणि कर्मचाऱ्यांना शिकवून, मानसिक उपचार तालुक्याच्या पातळीवर आणून दाखवले. त्याच नमुन्यावर १९९६ मध्ये जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला. बल्लारीत जे साधले ते पुढे सगळीकडे तितके साधले नाही. पदे रिकामी राहिली, निधी उशिरा आला, प्रशिक्षण घेतलेल्या डॉक्टरांच्या बदल्या झाल्या. बल्लारीचा उपचार इतर जिल्ह्यांत गेला, पण त्याच्यामागे उभे असलेले बळ मागेच राहिले.

दुसरा मोठा धागा गोव्याचा. १९९६ मध्ये स्थापन झालेल्या ‘संगत’ संस्थेने, मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांच्या पुढाकाराने, वैद्यकीय पदवी नसलेल्या स्थानिक माणसांना समुपदेशनाचे प्रशिक्षण दिले. तीव्र नैराश्याच्या रुग्णाला पुन्हा हळूहळू कामाला, माणसांना, आवडीच्या गोष्टींना जोडून देणारी सहा ते आठ भेटींची ही पद्धत गोव्यातल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत तपासली गेली. २०१७ मध्ये निष्कर्ष आले : तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी ६४ टक्के नैराश्यातून बाहेर आले होते, नेहमीची सेवा मिळालेल्यांपैकी ३९ टक्के. या आकड्यांइतकीच महत्त्वाची, आणि कमी बोलली जाणारी गोष्ट म्हणजे देखरेखीची रीत. समुपदेशक एकमेकांच्या भेटींचे ध्वनिमुद्रण ऐकत आणि गुण देत. मूळ पद्धतीशी इमान राखण्याची जबाबदारी अशी सोबत्यांनीच सोबत्यांवर घेतली.

महाराष्ट्रात अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत ‘विश्राम’ हा कार्यक्रम झाला. गावातल्या कार्यकर्त्यांनी घरोघरी बोलून, पहिली मदत देऊन, गरज असेल त्यांना पुढे पाठवले. नैराश्यासाठी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून दीड वर्षात २७.२ टक्क्यांवर गेले. नाशिकच्या पेठ तालुक्यात ‘आत्मीयता’ प्रकल्पाने गावातल्याच स्वयंसेवकांवर भिस्त ठेवली.

सोलापूर जिल्ह्यापुढे या शास्त्राचे प्रश्न अगदी ठळकपणे उभे राहतात. अकरा तालुके, २०११ च्या जनगणनेनुसार ४३ लाखांवर लोकसंख्या. राज्यातली जुनी प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथे आहेत. इथून जवळचे येरवडा, तेही सुमारे अडीचशे किलोमीटर. जिल्ह्यात मोठा आधार म्हणजे १९६३ मध्ये सुरू झालेल्या डॉ. वैशंपायन वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेले सर्वोपचार रुग्णालय, म्हणजे सगळ्यांच्या तोंडचे ‘सिव्हिल’. करमाळ्याहून किंवा माळशिरसहून तिथे यायचे तर शंभर किलोमीटरहून अधिक एसटीचा प्रवास, सोबत घरातले एक माणूस, आणि दोघांचाही खाडा. यंत्रमागावर पाळी करणाऱ्या कामगाराचे तर शहरात राहूनही तेच. बाह्यरुग्ण विभागाची वेळ ही त्याची मागावरची किंवा रात्रपाळीनंतरच्या झोपेची वेळ. गोळी मोफत मिळते, पण ती घेण्यासाठी दिवसाचा रोज मोजावा लागतो. दर महिन्याला मोजावा लागला, की तिसऱ्या-चौथ्या महिन्यात येणे बंद होते. कागदावर याची नोंद ‘रुग्ण अनियमित’ अशी होते. अंमलबजावणीच्या नजरेने पाहिले तर अनियमित आहे ती सेवेची वेळ.

विडी वळणाऱ्या बायकांचे उदाहरण जवळून पाहण्यासारखे आहे. नैराश्य ओळखण्यासाठी जगभर वापरली जाणारी नऊ प्रश्नांची एक प्रश्नावली आहे. प्रत्येक प्रश्नाला शून्य ते तीन गुण, एकूण २७. पहिलाच प्रश्न असा, की गेल्या दोन आठवड्यांत कामात रस किंवा आनंद वाटेनासा झाला आहे का? मांडीवर सूप, सुपात भिजवून कापलेली पाने आणि तंबाखू, बोटे न थांबता चाललेली. मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने. रस वाटो न वाटो, हजार विड्या पुऱ्या करायच्याच आहेत. तिला हा प्रश्न परका वाटतो आणि ती ‘नाही’ म्हणून मोकळी होते. तिलाच विचारावे, की मागच्या अमावास्येपासून शेजारणीशी बोलत बसावेसे वाटते का, सणाला काही करावेसे वाटले का, तर उत्तर निराळे येते. सोलापुरात भाषाही एक नाही. पूर्व भागातली पद्मशाली घरातली बाई तेलुगूत ‘मनसु बागालेदु’ म्हणेल, अक्कलकोटकडची कन्नडमध्ये ‘मनस्सु सरि इल्ल’ (दोन्हींचा अर्थ ‘मन बरं नाही’), मराठी बोलणारी ‘जीव रमत नाही’ किंवा नुसते ‘डोकं जड झालंय’. या चार बोलांमागचे दुखणे एक असू शकते. मराठी छापील कागद घेऊन आलेल्या आशा कार्यकर्तीला ते ओळखता आले पाहिजे, आणि त्यासाठी प्रश्नावलीचे नुसते भाषांतर पुरत नाही. त्या-त्या घरातल्या बायकांसोबत बसून प्रश्न पुन्हा घडवावे लागतात. निकषांच्या यादीतला ‘साजेशी आहे का’ हा रुक्ष शब्द सोलापुरात इतका जिवंत आहे.

मग जागेचा प्रश्न. एका-दोन खोल्यांच्या घरात सासू, मुले, शेजारणी यांच्यासमोर मनातले कसे बोलायचे? कुंभारीच्या कॉम्रेड गोदूताई परुळेकर वसाहतीत विडी कामगारांची दहा हजार घरे आहेत. बायका एकत्र बसून विड्या वळतात, विड्या द्यायला एकत्र जातात. आडोसा मिळणे अवघड, पण कोण गप्प झाली, कोणाचे डोळे सुजलेत हे शेजारणीला डॉक्टरांच्या कितीतरी आधी कळते. गोव्यातली भेट आरोग्य केंद्रात किंवा रुग्णाच्या घरी होई. इथे ओळखण्याचे काम शेजारणीकडे आणि बोलण्याचे काम वस्तीबाहेरच्या एखाद्या शांत जागेत, अशी विभागणी करून पाहण्याला वाव आहे. मूळ उपचाराचा गाभा कायम राखून बाहेरचे किती बदलायचे, हा या शास्त्रातला सगळ्यात नाजूक निर्णय असतो.

काही जुन्या गोष्टी सोडायला लावणे हेही अंमलबजावणीचेच काम आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णाला साखळदंडाने बांधणे आणि भूल न देता विजेचे झटके देणे यांना मनाई केली. कायदा २९ मे २०१८ पासून लागू झाला, पण सवय राजपत्रातल्या तारखेने सुटत नाही. अक्कलकोट आणि पंढरपूर असलेल्या जिल्ह्यात श्रद्धेला शत्रू मानून तर काहीच पुढे सरकणार नाही. गुजरातेत उनाव्याच्या मीरा दातार दर्ग्यावर ‘दवा-दुआ’ नावाने दुआ आणि डॉक्टरांची गोळी शेजारी-शेजारी आणण्यात आली. जिथे माणसे आधीच येतात तिथे दवाखाना नेणे, एवढाच त्यातला विचार, आणि तो पटण्यासारखा आहे.

राहता राहिला टिकण्याचा निकष. १० ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर टेली-मानस ही मोफत दूरध्वनी सेवा सुरू आहे. एसटीचे भाडे आणि खाडा दोन्ही तिने वाचतात. पण फोनवर धीर मिळालेल्या बाईला पुढे गोळी लागली, तर ती तालुक्याच्या औषध भांडारात त्या महिन्यात असावी लागते. मानसोपचाराचे शिकलेला वैद्यकीय अधिकारी बदलून गेला, तर त्याच्या जागी आलेल्याला कोणी शिकवायचे, हे आधी ठरलेले असावे लागते. लसीकरणापासून सर्वेक्षणापर्यंत सगळी कामे अंगावर घेऊन, कामागणिक मोबदल्यावर फिरणाऱ्या आशा कार्यकर्तीला या नव्या कामाचे पैसे कोणत्या शीर्षाखाली मिळणार, हेही. प्रकल्पाचा निधी संपल्यानंतरच्या पहिल्या सहा महिन्यांत औषधांची मागणी कोणाच्या सहीने गेली, हे तपासले की टिकण्याबद्दल बरेच काही कळते.