शस्त्रक्रियापूर्व सक्षमीकरण (प्रीहॅब)

कर्करोगाचे निदान झाल्यापासून ऑपरेशनच्या तारखेपर्यंतच्या दिवसांत रुग्णाची ताकद वाढवण्यासाठी आखलेला व्यायाम, आहार आणि मानसिक आधार यांचा कार्यक्रम. बोलताना त्याला ‘प्रीहॅब’ म्हणतात. तो बहुधा दोन ते चार आठवड्यांचा असतो. आधी केमोथेरपी द्यायची असल्यास जास्त वेळ मिळतो. प्रीहॅबसाठी ऑपरेशन सहसा पुढे ढकलत नाहीत. तीव्र कुपोषण असले, तर मात्र आधी ७ ते १४ दिवस पोषणाचे उपचार करावेत, असे तज्ज्ञ सुचवतात.

मोठ्या ऑपरेशननंतर शरीराला प्राणवायू जास्त लागतो आणि जखम भरण्यासाठी स्नायूंमधली प्रथिने मोडली जातात. शरीरात ताकद शिल्लक नसेल तर न्यूमोनिया होतो, टाके भरायला वेळ लागतो. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका युरोपीय चाचणीत मोठे आतडे व गुदाशयाच्या कर्करोगाचे २५१ रुग्ण होते. चार आठवडे प्रीहॅब केलेल्यांपैकी १७.१ टक्के रुग्णांना गंभीर गुंतागुंत झाली. न केलेल्यांमध्ये हे प्रमाण २९.७ टक्के होते.

टाटा मेमोरियल सेंटरची ‘अ‍ॅक्ट्रेक’ ही संस्था नवी मुंबईत खारघरला आहे. तिथे उपचारासाठी गावाहून आलेली माणसे जवळपास खोली घेऊन तारखेची वाट पाहतात. “आता कशाला हात लावू नका, पडून राहा,” असे घरचे मायेने सांगतात. पण आठवडाभर पडून राहिले तरी म्हाताऱ्या माणसाच्या पायांतले बळ सरते, आणि ऑपरेशननंतर त्याच पायांवर उभे राहायचे असते. त्यापेक्षा खारघरच्या सेंट्रल पार्कात किंवा ठाण्यात तलावपाळीला रोज अर्धा तास चालावे. दम लागावा, पण सोबतच्याशी बोलता यावे, इतपत वेग पुरे. हात न टेकता खुर्चीतून दहा वेळा उठणे-बसणे हा मांड्यांचा सोपा व्यायाम. फुफ्फुसांसाठी तीन गोळ्यांचे यंत्र मिळते: नळी ओठांत घट्ट धरून श्वास सावकाश आत ओढायचा आणि गोळ्या वर धरून ठेवायच्या. पुष्कळजण फुंकर मारतात. मग गोळ्या हलतच नाहीत. छातीत दुखणे, ताप, फार कमी हिमोग्लोबिन किंवा हाडांत पसरलेला आजार असल्यास डॉक्टरांना विचारल्याशिवाय व्यायाम करू नये.

आहारात पहिला विचार प्रथिनांचा. रोज वजनाच्या दर किलोमागे १.२ ते १.५ ग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ७२ ते ९० ग्रॅम. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम आणि पेलाभर दुधात ८ ग्रॅम प्रथिने असतात, त्यामुळे नुसत्या पेजेवर किंवा वरणाच्या पाण्यावर हा हिशेब जुळत नाही. दाट वरण, उसळ, दही, पनीर, मासे दिवसभरात थोडे थोडे द्यावेत. श्रावणाचे उपास या काळापुरते सोडलेले बरे. साबुदाण्यात प्रथिने नाममात्र असतात. मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा विकार असल्यास हे प्रमाण आहारतज्ज्ञ ठरवतात. तंबाखू आणि मिश्रीमुळे होणारा तोंडाचा कर्करोग आपल्याकडे फार. त्यात बऱ्याचदा जबडा दोन बोटेही उघडत नाही. अशा वेळी मुगाची खिचडी तूप घालून मिक्सरमधून पातळ करतात. तीही गिळवेना, तर नाकातून नळी घालतात.

तंबाखू आणि विडी सोडणे हाही प्रीहॅबचाच भाग. ऑपरेशनच्या चार आठवडे आधी सुटली तर फायदा अधिक, पण तारीख जवळ आली असली तरी त्याच दिवशी सोडावी.