वर्गातला आविन्योंचा पूल

शाळेत फ्रेंच शिकवायला लागून मला बरीच वर्षं झाली, तरी पाचवीच्या पहिल्या तासाला मी फळ्यावर काही लिहीत नाही. बाकं भिंतीला लावते, मुलांना गोल उभं करते आणि ‘स्युर ल पों दाविन्यों’ हे फ्रेंच बालगीत म्हणायला लागते. फ्रान्समधल्या आविन्यों शहराच्या पुलावर सगळे गोल गोल नाचतात, एवढाच त्याचा अर्थ. मग ‘रुबाबदार साहेब असं करतात’ आलं की मुलगे टोपी उचलल्यासारखं करतात, ‘देखण्या बाया असं करतात’ आलं की मुली नसलेला झगा दोन्ही हातांनी धरून गुडघ्यात वाकतात. दहा मिनिटांत ‘कॉम सा’ म्हणजे ‘असं’ हे सगळ्या वर्गाला कळलेलं असतं आणि ते कुणी सांगितलेलं नसतं.

ह्या गाण्यातली खरी मेख कानाला कळते. पों, आविन्यों, लों, रों: ओठ गोल ठेवून नाकातून काढायचा एकच स्वर फिरून फिरून येतो. मध्येच ‘दाँस’ येतं, तिथे तोंड उघडं ठेवून नाकातून काढायचा दुसरा. दोहोंतला फरक वहीत लिहून समजावायचा म्हटलं तर घाम फुटतो. प्रमाण मराठीच्या बोलण्यातून असे नाकातले स्वर जवळजवळ गेलेच, आणि १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी उच्चारात नसलेले अनुस्वार लिखाणातूनही काढून टाकले. वर्गात कोकणातलं किंवा गोव्याकडचं एखादं पोर असलं, तर ते मात्र बहुतेकदा पहिल्या फेरीतच बरोबर म्हणतं. त्याच्या घरच्या बोलीत हे स्वर अजून नांदताहेत.

दरवर्षी पालकसभेत एक प्रश्न हमखास येतो, “मॅडम, गाणी झाली, पण अभ्यास कधी सुरू होणार?” विचारणाऱ्याची काळजी खरी असते, म्हणून उत्तरही नीट द्यायला हवं. त्यासाठी सव्वातीनशे वर्षं मागे जावं लागतं.

१६८९ साली पॅरिसजवळच्या साँ-सीर इथल्या मुलींच्या शाळेत एक नाटक झालं. चौदाव्या लुईची पत्नी मादाम द मँतनों हिने गरीब उमराव घराण्यांतल्या मुलींसाठी ही शाळा काढली होती. अडीचशे मुली तिथे राहून शिकत. त्यांच्यासाठी तिने नाटक मागितलं ते रासीनकडे. त्या काळातला हा सर्वांत मोठा शोकनाट्यकार, आणि बारा वर्षांपूर्वी त्याने रंगभूमीसाठी लिहिणं सोडून दिलेलं! त्याने बायबलमधल्या एस्तेरची कथा घेतली आणि मध्ये मध्ये मुलींनी म्हणायची समूहगीतं घातली. नाटकाच्या प्रस्तावनेत त्याने ह्या खटाटोपाचं एक कारण दिलं आहे, ते मला फार मोलाचं वाटतं. मुलींनी आपापल्या प्रांतांतून आणलेले वाईट उच्चार पाठांतराने आणि गाण्याने सुटावेत, असं तो म्हणतो. म्हणजे फ्रान्समधल्याच मुलींना फ्रेंच नीट बोलता यावं म्हणून नाटक. त्या ‘वाईट उच्चारां’बद्दल मला आज आपुलकी वाटते, पण मुद्दा तो नाही. नाटक भाषेच्या तासाचा भाग होतं.

पुढे घडलं ते कुठल्याही शाळेत घडू शकतं. राजा प्रयोगाला आला, त्याच्यामागून दरबार आला, आमंत्रणासाठी मोठमोठ्यांची धडपड सुरू झाली आणि मुलींच्या डोक्यात हवा गेली. मँतनों बाई घाबरल्या. १६९१ चं रासीनचं पुढचं नाटक मुलींनी ना वेशभूषा ना रंगमंच, रोजच्या कपड्यांतच केलं. आपल्याकडे स्नेहसंमेलनात पुठ्ठ्याचा आयफेल टॉवर आणि तिरक्या टोप्या यांवर पंधरा दिवस खर्ची पडतात आणि मुलांच्या तोंडी फ्रेंच वाक्यं येतात जेमतेम चार, तेव्हा मला साँ-सीर आठवतं.

एकोणिसाव्या शतकातही फ्रान्समधल्या असंख्य मुलांची घरची भाषा फ्रेंच नव्हती. कुणाची ब्रेतों, कुणाची ऑक्सितान, कुणाची बास्क. २८ मार्च १८८२ च्या कायद्याने प्राथमिक शिक्षण सक्तीचं झालं आणि अभ्यासक्रमात वाचन-लेखनाबरोबर चित्रकला, मातीकाम आणि संगीत यांची मूलतत्त्वंही आली. हे चांगलंच झालं. पण त्याच काळात कित्येक शाळांत ब्रेतों बोलताना सापडलेल्या पोराच्या गळ्यात लाकडी खडावेसारखी एखादी वस्तू अडकवत. दुसरं कुणी सापडेपर्यंत ती त्याने मिरवायची. गाणं आणि गळ्यातलं ते लोढणं एकाच वर्गात होतं. फ्रेंचच्या प्रसाराचा इतिहास सांगताना ही बाजू गाळू नये असं मला वाटतं.

परक्या मुलांना फ्रेंच शिकवण्याची वाट जिथून बदलली, ती गोष्ट मात्र एका जर्मनीच्या प्रवासाची आहे. फ्राँस्वा ग्वँ हा लॅटिनचा शिक्षक जर्मन शिकायला हांबुर्गला गेला. व्याकरणाचं पुस्तक आणि २४८ अनियमित क्रियापदं त्याने दहा दिवसांत घोकली, व्याख्यानाला जाऊन बसला, एक शब्द कळला नाही. मग धातू पाठ केले, मग अख्खा शब्दकोश पाठ केला. तरी काही नाही. वर्षभराने हात हलवत घरी परतला, तर त्याचा जेमतेम तीन वर्षांचा पुतण्या तेवढ्या काळात घडाघडा बोलायला लागला होता. एके दिवशी पोराला पिठाची गिरणी दाखवायला नेलं. घरी आल्यावर तो थोडा वेळ गप्प होता, मग भेटेल त्याला गिरणीची हकीकत सांगत सुटला. पुढे खेळण्यातली गिरणी आणि इवली पोती आली. पाणी सोडायचं, पोती भरायची, वाहून न्यायची, ओतायची, आणि प्रत्येक कृतीबरोबर तिचं वाक्य मोठ्याने बोलायचं. ग्वँ बघत राहिला. १८८० साली त्याने ह्यावर पुस्तक लिहिलं: भाषा शिकवायची ती एकापाठोपाठ येणाऱ्या कृतींच्या मालिकेतून, करत करत आणि बोलत बोलत. भातुकली खेळणाऱ्या कुठल्याही मुलीला हे आधीपासून ठाऊक असतं. शिक्षणशास्त्राला कळायला एक अपयशी प्रवास लागला.

तीनच वर्षांनी, २१ जुलै १८८३ रोजी, पॅरिसमध्ये आलियाँस फ्राँसेज स्थापन झाली. पुढाकार पॉल काँबों ह्या राजनयिकाचा होता. सुरुवातीच्या मंडळींत सुएझ कालव्याचे लेसेप्स, लुई पाश्चर, विचारवंत रनाँ आणि कादंबरीकार ज्यूल व्हर्न होते. १८७०-७१ च्या युद्धात प्रशियाकडून हार खाल्लेला देश आपली पत भाषेच्या बळावर पुन्हा उभी करू बघत होता, आणि वसाहतींतल्या शाळा त्या बेताचा मोठा भाग होत्या. मुंबईत ही संस्था १९३८ साली आली. माझ्या पिढीच्या कितीतरी शिक्षकांनी पहिला फ्रेंच सिनेमा आणि पहिलं फ्रेंच चित्रपुस्तक अशाच केंद्रांत पाहिलं. मी त्यांतलीच एक.

वर्गात खरी उलथापालथ झाली ती दुसऱ्या महायुद्धानंतर. पॅरिसलगतच्या साँ-क्लू इथे जॉर्ज गुगनेम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टेपरेकॉर्डर घेऊन २७५ माणसांचं रोजचं बोलणं नोंदवलं आणि तीन लाखांवर शब्द मोजले. हेतू असा की, परक्याला आधी कुठले शब्द शिकवावेत ते ठरावं. तेव्हा एक गंमत लक्षात आली: रोजच्या वापरातल्या कितीतरी वस्तूंची नावं गप्पांत क्वचितच येतात. मग ती भरून काढायला ते शाळकरी मुलांकडे गेले. स्वयंपाकघर, कपडे, शाळा असे सोळा विषय देऊन प्रत्येकात सुचतील ते वीस शब्द मुलांकडून लिहून घेतले. आज जगभर शिकवल्या जाणाऱ्या प्राथमिक फ्रेंचमध्ये त्या मुलांचा असा वाटा आहे.

ह्याच साँ-क्लूशी क्रोएशियातल्या झाग्रेबच्या पेतार गुबेरिना यांचं नाव जोडलेलं आहे. ते ध्वनिशास्त्राचे अभ्यासक होते आणि कर्णबधिर मुलांबरोबर काम करत. ऐकू कमी येणाऱ्या मुलापर्यंत भाषा पोचते ती आधी ताल, चढउतार आणि अंगाची हालचाल यांतून, अक्षरं त्यानंतर, हे त्यांनी तिथे पाहिलं. परकी भाषा शिकणारा कानही सुरुवातीला तसाच बधिर असतो, हे त्यांचं म्हणणं. म्हणून त्यांच्या पद्धतीत बडबडगीतं आली, टाळ्या आल्या, हातवारे आले. चित्रपट्टी पडद्यावर आणि आवाज टेपवर, पुस्तक बंद, अशी शिकवण्याची रीत ह्या दोन शहरांनी मिळून घडवली, आणि साठच्या दशकात तिची खास मुलांसाठीची पाठमालाही निघाली. तिच्यातला यांत्रिकपणा पुढे लोकांना कंटाळवाणा वाटला. पण आज मी वर्गात बोट वर-खाली करून वाक्याचा सूर दाखवते, ती खूण मला तिथूनच मिळाली आहे.

सिनेमाचं म्हणाल तर १९५६ चा अल्बेर लामोरीसचा लाल फुग्याचा लघुपट भाषेच्या वर्गासाठीच बनवला असावा असं वाटतं. चौतीस मिनिटं, पॅरिसच्या मेनिलमोंताँ भागातल्या उतरत्या गल्ल्या, दिग्दर्शकाचाच लहानगा मुलगा आणि त्याच्यामागे फिरणारा एक फुगा. संवाद जवळजवळ नाहीतच, म्हणून तर उपयोग. पडद्यावर कुणी बोलत नसलं की वर्गाला बोलावं लागतं. “फुगा कुठे आहे?” “खिडकीत.” “आता?” “बसच्या मागे!” स्थळ दाखवणारी अव्ययं मी गेली कित्येक वर्षं अशीच शिकवते.

महाराष्ट्रात हे सगळं अगदीच परकं आहे असं नाही. लियोंच्या ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं ७ जुलै १८९६ ला मुंबईच्या वॉटसन हॉटेलात दाखवली गेली आणि ती पाहून छायाचित्रकार सावे दादा भाटवडेकर स्वतः कॅमेरा मागवायला निघाले. फ्रेंच विनोदी नाटककार मोलिएर तर त्याआधीच मराठी बोलायला लागला होता. नाइलाजाने डॉक्टर व्हावं लागलेल्या लाकूडतोड्याचं त्याचं प्रहसन हरिभाऊ आपट्यांनी ‘मारून मुटकून वैद्यबुवा’ ह्या नावाने मराठीत आणलं, आणि पुढे अत्र्यांनी त्याच्या कंजुषाचा ‘कवडीचुंबक’ केला. फ्रेंच विनोद मराठी प्रेक्षकाला परका वाटला नाही, कारण तो रंगमंचावरून आला.

शाळा-कॉलेजात मात्र फ्रेंच बहुतेकांकडे आलं ते मार्कांसाठी. संस्कृतसारखाच ‘स्कोरिंग’ विषय म्हणून घेतलेलं, ठरावीक उतारे, ठरावीक भाषांतरं. शंभरपैकी पंच्याण्णव मिळवून ‘बाँजूर’च्या पुढे तोंड न उघडणारी हुशार मुलं मी दरवर्षी बघते आणि दरवर्षी वाईट वाटतं. दोष मुलांचा नाही. त्यांना कानाआधी वही दिली गेली.

पाँडिचेरीत निराळं चित्र आहे. अरविंदाश्रमात १९४३ साली मीरा अल्फासा, म्हणजे माताजी, यांनी सुरू केलेल्या शाळेत गणित आणि विज्ञान फ्रेंचमधून शिकवण्याची प्रथा पडली, आणि वर्धापनदिनाला मुलांनी नाटक करायची रीतही. तिथे शिकलेली माणसं फ्रेंच ‘येते’ असं म्हणत नाहीत, सरळ बोलायला लागतात.

यंदा आठवीच्या वर्गासाठी मी मोलिएरच्या त्याच प्रहसनातला एक प्रवेश निवडला आहे. खोटा वैद्य काळीज उजवीकडे आणि यकृत डावीकडे सांगतो, बाप बिचकत शंका काढतो, आणि वैद्य उत्तरतो की आम्ही ते सगळं बदलून टाकलंय. हे वाक्य फ्रेंचमध्ये पाच शब्दांचं आहे. काल तालमीत बापाचं काम करणारा मुलगा आपली ओळ विसरला आणि मराठीत म्हणाला, “अहो, पण काळीज तर इकडे असतं ना?” वैद्य झालेल्या मुलीने क्षणभरही न थांबता, छातीवर उलट्या बाजूला हात ठेवून, फ्रेंचमध्येच उत्तर दिलं: “नू झाव्हों शाँजे तू सला.” शेवटून तिसऱ्या बाकावरची एक मुलगी, जी एरवी कधी बोलत नाही, ती हसली आणि तेच वाक्य हळूच पुन्हा म्हणाली. ‘झाव्हों’ आणि ‘शाँजे’, दोन्ही नाकातले स्वर बरोबर.