शून्य गुणांचा हंगाम: मेलबर्न स्टॉर्म, 2010

ऑस्ट्रेलियाच्या एनआरएल या रग्बी लीग स्पर्धेचा 2010 चा गुणतक्ता पाहिला तर मेलबर्न स्टॉर्म अगदी तळाला दिसतो. सामने 24, विजय 14, गुण शून्य. चौदा विजय म्हणजे पहिल्या आठांत, म्हणजेच बाद फेरीत, जागा पक्की. पण एप्रिलपासूनच या संघाला गुण मिळणं बंद झालं होतं.

मेलबर्नमध्ये फुटबॉल म्हणजे ऑस्ट्रेलियन रूल्स, हा तिथला वेगळाच खेळ. तेरा खेळाडूंची रग्बी लीग हा सिडनी आणि ब्रिस्बेनचा खेळ. तो इथे आला पैशाच्या भांडणातून. 1995 मध्ये माध्यमसम्राट रुपर्ट मरडॉक यांच्या न्यूज लिमिटेड या कंपनीने टीव्ही हक्कांसाठी क्लब आणि खेळाडू फोडून 'सुपर लीग' उभी केली. समोर जुन्या संघटनेच्या पाठीशी टीव्ही वाहिनीचे मालक केरी पॅकर. (क्रिकेटवाल्यांना हे नाव सांगायला नको, 1977 ला क्रिकेटमध्ये बंडखोर मालिका काढणारे तेच. या वेळी ते प्रस्थापितांच्या बाजूला होते, एवढाच फरक.) 1997 मध्ये दोन वेगळ्या स्पर्धा झाल्या, खेळाडूंचे भाव आभाळाला भिडले आणि शेवटी तडजोडीतून 1998 ला एनआरएल सुरू झाली. तिची अर्धी मालकी न्यूज लिमिटेडकडे आणि त्याच वर्षी मैदानात उतरलेला स्टॉर्मही त्यांचाच. एकाच हातात पंचाची शिट्टी आणि संघाची तिजोरी, ही व्यवस्था पहिल्या दिवसापासून खटकणारी होती.

संघ मात्र जोरदार निघाला. 1999 च्या अंतिम सामन्यात सेंट जॉर्ज इलावाराविरुद्ध मध्यंतराला 0-14 असा मागे पडूनही 20-18 ने जिंकला. 2003 मध्ये क्रेग बेलामी प्रशिक्षक झाले. त्यांच्या हाताखाली कॅमेरॉन स्मिथ, बिली स्लेटर, कूपर क्रॉन्क आणि ग्रेग इंग्लिस ही पोरं तयार झाली. 2006 ते 2009 अशी सलग चार वर्षं संघ अंतिम फेरीत होता आणि 2007 व 2009 ला विजेता ठरला.

खरी गोम इथेच आहे. 1990 पासून रग्बी लीगमध्ये पगारांवर मर्यादा आहे. आयपीएलमध्ये प्रत्येक संघाची पर्स सारखी असते तसंच हे, फक्त लिलाव नाही. मग घरी घडवलेली पोरं राष्ट्रीय संघात गेली, त्यांची किंमत तिप्पट झाली, की करायचं काय? नियम सांगतो, कोणाला तरी सोडा. स्टॉर्मने सोडलं नाही. लीगला दाखवायचे करार वेगळे आणि खेळाडूंना दिलेली वरची आश्वासनं वेगळी, असा दोन नंबरचा हिशेब चालू राहिला.

22 एप्रिल 2010 रोजी लीगचे प्रमुख डेव्हिड गॅलप यांनी शिक्षा जाहीर केली. 2007 आणि 2009 ची विजेतेपदं रद्द, 2006 ते 2008 चं साखळीतलं अव्वल स्थान रद्द, 16 लाख 89 हजार डॉलरचा भुर्दंड, कमावलेले आठ गुण गेले आणि उरलेल्या हंगामात एकही गुण नाही. तेव्हा पाच वर्षांतली जादा रक्कम 17 लाख डॉलर धरली होती. पुढच्या तपासणीत ती 31 लाखांच्या वर गेली. त्या अंतिम सामन्यांत हरलेल्या मॅन्ली आणि पॅरामाटा या संघांनाही ती विजेतेपदं दिली नाहीत. त्या दोन वर्षांपुढे विजेता म्हणून कोणाचंच नाव नाही.

शिक्षा कडक, पण अन्यायाची म्हणवत नाही. 2002 मध्ये याच गुन्ह्यासाठी कॅन्टरबरी बुलडॉग्जचे 37 गुण कापले होते, तेही ते तक्त्यात सर्वात वर असताना.

गॅलप यांच्या घोषणेनंतर तीन दिवसांनी, अँझॅक दिनी (ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडचा युद्धस्मृतिदिन), स्टॉर्मने न्यूझीलंडच्या वॉरियर्सला 40-6 असं झोडपलं. त्यांना स्वतःला काही मिळणार नव्हतं. हरणाऱ्या वॉरियर्सचे विजयाचे दोन गुण मात्र हुकलेच. हंगाम संपल्यावर मर्यादेत बसण्यासाठी इंग्लिससह अनेकांना सोडावं लागलं. स्मिथ, स्लेटर, क्रॉन्क राहिले. 2011 ला संघ साखळीत पहिला आला आणि 2012 च्या अंतिम सामन्यात 14-4 ने जिंकला. समोर होते कॅन्टरबरी बुलडॉग्ज.